ख्रिस्ती श्रद्धेतील बलिदान आणि पुनरुत्थान : देणारा कोण, घेणारा कोण

चैत्राच्या आगेमागे खानदेशात उन्हाचा कडाका वाढू लागतो, दादर आणि गहू काढून खळ्यावर आलेले असतात, सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवासाठी पायी निघालेल्या भाविकांचे जथे वणीच्या रस्त्याला लागलेले असतात, आणि साधारण याच दिवसांत नवापूर, नंदुरबार, धुळे, अमळनेर, जळगाव येथील चर्चमध्ये गुड फ्रायडे (येशूच्या मरणाचा दिवस) आणि ईस्टर (त्याच्या पुनरुत्थानाचा सण) पाळले जातात. हे दिवस जवळ येण्यामागे कारण आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस मानला जातो. त्यामुळे तो आपल्याकडच्या होळीच्या किंवा चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ पडतो. २०२४ साली तो ३१ मार्चला होता, २०२५ साली २० एप्रिलला.

या दिवसांत शेजारपाजारचे लोक आम्हा ख्रिस्ती माणसांना दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न अहिराणीत फार थेट येतो : 'तुमना देव मरी कसा गया?' दुसरा थोडा दबकत येतो : मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला असे तुम्ही म्हणता, तो पुनर्जन्म समजायचा काय? दोन्ही प्रश्न योग्य आहेत, आणि ख्रिस्ती धर्माचा गाभा याच दोन प्रश्नांत आहे. येशूची शिकवण, त्याचे दृष्टांत, त्याने रोग्यांना बरे केल्याचे प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतात आणि आवडतातही. पण त्याच्या शिष्यांनी पहिल्या शतकात जी बातमी गावोगावी नेली ती 'एक थोर गुरू होऊन गेला' एवढीच असती, तर तिच्यासाठी कोणी छळ सोसला नसता. तो आपल्यासाठी मरण पावला आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले, ही ती बातमी होती. तिचा अर्थ समजून घ्यायचा तर यहुदी लोक बलिदानाकडे कसे पाहत होते तेथून सुरुवात करावी लागते, कारण येशू यहुदी होता, त्याचे शिष्य यहुदी होते आणि त्याच्या मरणाचा अर्थ त्यांनी स्वतःच्या शास्त्राच्या उजेडात लावला.

आपल्याकडे बळी म्हटले की नवस आठवतो. मूल होऊ दे, दुखणे जाऊ दे, पीक पदरात पडू दे, असे देवाजवळ मागायचे आणि मागणे पुरे झाले की बोकड किंवा कोंबडे देऊन नवस फेडायचा, ही रीत खानदेशातील अनेक ग्रामदेवतांच्या ठिकाणी आहे. सातपुड्यातील आदिवासी बांधव महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगऱ्याला याहामोगी मातेकडे जातात, तेव्हा तेही आपापले अर्पण घेऊनच जातात. त्यामागची कृतज्ञता खरी असते आणि तिच्याविषयी मला आदर आहे. या रीतीत दिशा मात्र ठरलेली असते : माणूस देतो, देव घेतो, आणि त्या देण्याने दोघांमधला व्यवहार पुरा होतो. ख्रिस्ती बलिदानाचा विचार करताना बहुतेकांचा घोटाळा होतो तो हीच दिशा मनात धरून पुढे गेल्यामुळे.

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय नावाचे पुस्तक उघडले तर प्रथमदर्शनी तेथेही हेच दिसते. बैल, मेंढरे, बकरे, पारवे. वेदी, अग्नी, रक्त. पण सावकाश वाचू लागल्यावर काही गोष्टी खटकतात आणि विचार करायला लावतात. अर्पण आणणारा माणूस प्राण्याच्या डोक्यावर हात ठेवतो, म्हणजे तो प्राणी आणि आपण एक आहोत असे म्हणतो. ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत, आणि तेही जमत नसेल त्याने थोडे पीठ आणले तरी त्याच्या पापाची क्षमा होईल, असे पाचव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. (येशूच्या जन्मानंतर त्याच्या आईने मंदिरात दिलेले अर्पण दोन पक्ष्यांचेच होते, गरिबाघरचे अर्पण.) मूठभर पिठाने क्षमा होत असेल, तर देवाला रक्ताची तहान आहे ही समजूत तेथेच निकालात निघते. सतराव्या अध्यायात देव म्हणतो की प्राण्याचे जीवन रक्तात असते आणि प्रायश्चित्तासाठी ते मीच तुम्हांला दिले आहे. 'मीच दिले आहे' हे शब्द मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतात. माणसाने देवाची मर्जी संपादन करण्यासाठी शोधून काढलेली ही युक्ती नाही. तुटलेले नाते पुन्हा जोडले जावे म्हणून देवाने स्वतः माणसाच्या हाती दिलेला हा मार्ग आहे. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, घेऊन डोंगरावर जातो त्या कथेतही शेवटी झुडपात शिंगे अडकलेला एडका देवच पुरवतो, आणि पुढे मुलांचा बळी देण्यास नियमशास्त्राने कडक बंदी घातली.

या परंपरेतील दोन प्रसंग येशूच्या मरणाशी विशेष जोडलेले आहेत. पहिला वल्हांडण सणाचा. इस्राएल लोक, म्हणजे यहुद्यांचे पूर्वज, मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होते. सुटकेच्या रात्री प्रत्येक घराने निर्दोष कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या चौकटीला लावावे, आणि कमरा कसून, पायांत जोडे घालून, हातात काठी घेऊन ते भाजलेले मांस घाईघाईने खावे, असे निर्गम पुस्तकात सांगितले आहे. त्या रात्री मृत्यू ती घरे ओलांडून गेला. दरसाल यहुदी कुटुंबे ही सुटका आठवत आली आहेत. येथे कोकराचा संबंध गुलामगिरीतून बाहेर पडण्याशी आहे, हे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रसंग प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. वर्षातून एकदाच महायाजक मंदिरातील अंतरपटाच्या आत, परमपवित्रस्थानात पाऊल टाकी. त्या दिवशी तो आपली भरजरी वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे घाली, आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करी आणि मग दोन बकरे पुढे आणले जात. चिठ्ठ्या टाकून त्यांतला एक ठरे. त्याचा वध होई आणि त्याचे रक्त आत नेऊन शिंपडले जाई. दुसऱ्या जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापे मोठ्याने कबूल करी, आणि नेमलेला माणूस त्या बकऱ्याला दूर अरण्यात नेऊन सोडी. एकाने शुद्धी, दुसऱ्याने पाप नजरेआड. हे सर्व पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागे. बायबलच्या नव्या करारातील 'इब्री लोकांस पत्र' लिहिणाऱ्या लेखकाने याच पुनरावृत्तीवर बोट ठेवले आहे : दरसाल तेच करावे लागते, त्या अर्थी मन कायमचे स्वच्छ झालेले नसते.

शिवाय संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणाऱ्यांनी, या विधींना कधी मोकळे सोडले नाही. आमोस, मीखा, यशया यांनी सांगितले की गरिबाला लुबाडून आणलेले अर्पण देवाला नको आहे. होशेयाच्या तोंडून देव म्हणतो, 'मला दया पाहिजे, यज्ञ नको', आणि येशूने हे वाक्य स्वतः उच्चारले आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात तर एक अनोळखी सेवक दिसतो, जो वधासाठी नेलेल्या कोकरासारखा गप्प राहून इतरांचे अपराध आपल्यावर घेतो. प्राण्याच्या जागी माणूस, आणि तोही आपल्या इच्छेने. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला, यात नवल नाही.

आता येशूकडे येऊ. रोमी सुभेदार पंतय पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदीयाचा कारभार पाहत होता. त्याच्या अमलात, बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स. ३० किंवा ३३ मध्ये, यरुशलेमबाहेर येशूला वधस्तंभावर खिळण्यात आले. रोमी इतिहासकार टॅसिटस यानेही पिलाताच्या काळातील या शिक्षेची नोंद केली आहे. वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना देण्याची शिक्षा होती. ती भर रस्त्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत, अपमानासाठीच दिली जाई. १९६८ साली यरुशलेमजवळच्या एका कबरीत त्या काळातील माणसाचे टाचेचे हाड सापडले, त्यात लोखंडी खिळा अजून रुतलेला होता. गळ्यातल्या सोन्याच्या क्रुसाकडे पाहून ज्या गोष्टीचा विसर पडतो, ती गोष्ट त्या हाडात दिसते.

पण मरणाचा अर्थ येशूने मरणाआधीच सांगून ठेवला होता. वल्हांडणाच्या दिवसांत शिष्यांबरोबरच्या शेवटच्या भोजनात त्याने भाकर मोडली आणि म्हटले, हे माझे शरीर आहे, ते तुमच्यासाठी आहे. प्याला दिला आणि म्हटले, हा माझ्या रक्ताने केलेला नवा करार आहे. सुटकेची आठवण करण्याच्या त्या सणात त्याने कोकराची जागा स्वतः घेतली. येथे दिशा पूर्ण उलटलेली दिसते. माणूस देवाला काही देत नाही. देव माणसाला स्वतःला देतो. ख्रिस्ती श्रद्धा येशूला देवाचा पुत्र, देवच मनुष्य झालेला, असे मानते. म्हणून वधस्तंभावर देणाराही तोच आणि दिले जाणारेही तोच.

त्याला कोणी मारले, याविषयी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण तिच्या विपर्यासाने इतिहासात भयंकर अन्याय झाला आहे. येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांच्या माथी मारून युरोपात शतकानुशतके त्यांचा छळ करण्यात आला. कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत हा आरोप अधिकृतपणे नाकारला. शिक्षा रोमी सत्तेची होती, कट काही पुढाऱ्यांचा होता, विश्वासघात स्वतःच्या शिष्याचा होता आणि पळून गेलेले उरलेले शिष्यही होते. शुभवर्तमाने (येशूचे जीवन सांगणारी नव्या करारातील चार पुस्तके) वाचताना वाचकाने बोट दुसऱ्याकडे दाखवावे अशी त्यांची रचनाच नाही.

मग मरण कशासाठी? देव सर्वसमर्थ आहे, तर 'जा, क्षमा केली' एवढे म्हणून त्याला मोकळे होता आले नसते काय? मला वाटते, हा या विषयातील सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. आपल्याकडची भाऊबंदकी डोळ्यांपुढे आणावी. थोरला भाऊ दरसाल नांगरताना थोडा थोडा बांध कोरत जातो आणि काही वर्षांत धाकट्याची नांगराच्या चार ओळींएवढी जमीन गिळतो. धाकट्यापुढे कोर्टकचेरीचा मार्ग असतो, लाठ्याकाठ्यांचाही असतो. यातले काहीच न करता तो भावाला क्षमा करायचे ठरवतो, तेव्हा जमीन काही हवेतून परत येत नाही. तिचे नुकसान, गावातली मानहानी आणि रात्री डोळ्याला डोळा लागू न देणारा संताप, हे सगळे तो स्वतःच्या अंगावर घेतो. क्षमा करणाऱ्याला क्षमा कधीच फुकट पडत नाही. आणि भावाने काही वाईट केलेच नाही असे म्हणून विषय झाकला, तर ती क्षमाही नव्हे. अन्यायाला अन्याय म्हणून मगच तो सोसावा लागतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की माणसाने माणसाचे आणि देवाचे जे जे नुकसान केले आहे, त्याला देवाने वधस्तंभावर खोटे ठरवले नाही आणि माणसाकडून वसूलही केले नाही. ते त्याने स्वतःवर घेतले.

हे नेमके कसे घडते याची उत्तरे चर्चच्या इतिहासात अनेक झाली आहेत. येशूने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याचे जे म्हटले, त्यावरून आरंभीच्या काही शतकांत असे समजावले जाई की माणूस पापाच्या आणि मरणाच्या कैदेत होता आणि ख्रिस्ताने त्याला सोडवले. अकराव्या शतकाच्या अखेरीस ईश्वरविज्ञानी अँसेल्म यांनी देवाच्या मानाच्या ऋणाचा विचार मांडला : हे ऋण माणसाने फेडायला हवे, पण फेडण्याची ताकद केवळ देवात आहे, म्हणून फेडणारा देव आणि माणूस दोन्ही असायला हवा. बाराव्या शतकात पॅरिसच्या अबेलार यांनी भर दिला तो त्या मरणातून प्रकटलेल्या प्रेमावर, जे पाहून माणसाचे मन पालटते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी न्यायाची भाषा वापरली : आमच्या वाट्याची शिक्षा त्याने घेतली. १९३० च्या सुमारास स्वीडिश ईश्वरविज्ञानी गुस्ताफ औलेन यांनी जुना विचार पुन्हा वर आणला आणि वधस्तंभ हा पापावर व मरणावर मिळवलेला विजय आहे असे प्रतिपादन केले. गंमत अशी की यांपैकी कोणतेही एक स्पष्टीकरण साऱ्या चर्चने मिळून बंधनकारक ठरवलेले नाही. इ.स. ३८१ मध्ये पक्क्या झालेल्या निकेयाच्या मतांगीकारात (चर्चने ठरवलेल्या श्रद्धेच्या कबुलीत) 'आमच्यासाठी' तो वधस्तंभी खिळला गेला एवढेच म्हटले आहे. कसे, ते म्हटलेले नाही. माझ्या मते ते शहाणपणाचे आहे, कारण या चित्रांपैकी एकच पकडून बसले की ते वाकडे होते.

सर्वांत जास्त वाकडे होणारे चित्र म्हणजे रागावलेला बाप आणि मार खाणारा निरपराध मुलगा. आमच्याही काही प्रवचनांत हे चित्र येते आणि ऐकणाऱ्याला, विशेषतः ज्याच्या घरात बापाचा मार रोजचा आहे त्याला, ते देवापासून दूर लोटते. नवा करार असे शिकवत नाही. 'देव ख्रिस्तामध्ये होता' आणि जगाचा आपल्याशी समेट करत होता, असे प्रेषित पौल करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहितो. देवाचे मन वळवण्यासाठी तिसरा कोणी मधे पडला, असा हा प्रकार नाही. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही येशूची वधस्तंभावरची हाक स्तोत्रसंहितेतील बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ज्यांना देवाने टाकले असे वाटते त्यांच्या तोंडची हाक देवाच्या पुत्राने आपल्या तोंडी घेतली, इतक्या खोलवर तो उतरला.

इब्री लोकांस पत्रात या बलिदानाविषयी 'एकदाच' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी या शब्दाचे वजन काय असते, ते नवापूर-अक्कलकुव्याकडच्या वयस्क विश्वासी मंडळींशी बोलताना कळते. घरात ताप आला, गुरू दगावले, बाई आजारी पडली की भगताकडे जायचे, त्याने सांगितलेले कोंबडे-बोकड द्यायचे, त्यासाठी उसनवारी करायची, आणि पुढच्या संकटाला पुन्हा तेच; शिवाय कोणी तरी डाकीण आहे हा संशय गावात एखाद्या म्हाताऱ्या एकट्या बाईचा जीव घेऊ शके. त्या मंडळींना मतांगीकार पाठ नसेल, अँसेल्मचे नाव तर कानावरही आलेले नसेल. बलिदान झाले आहे, पुरे झाले आहे, आता कोणत्याही कोपाची भरपाई करायची उरलेली नाही आणि कोणा बाईला दोषी ठरवायचे कारण नाही, एवढे त्यांना पक्के कळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पश्चिम खानदेशात आलेल्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांच्या शिकवणीतले सर्वांत खोल रुजलेले बी बहुधा हेच असावे.

येथवर आपण शुक्रवारपर्यंत आलो. गोष्ट येथे संपली असती तर येशू हा अन्यायाने मारला गेलेला आणखी एक भला माणूस ठरला असता.

पुनरुत्थानाचा अर्थ लावताना तीन समजुती बाजूला ठेवाव्या लागतात. पहिली, पुनर्जन्माची. आपल्याकडे आत्मा एक देह सोडून दुसरा धारण करतो असे मानले जाते; ख्रिस्ती श्रद्धेत तोच येशू, त्याच देहासह, उठला, आणि पुन्हा जन्ममरणाच्या फेऱ्यात गेला नाही. दुसरी, केवळ जीव परत येण्याची. येशूने लाजर नावाच्या मित्राला चार दिवसांनी कबरेतून बाहेर बोलावले, पण लाजर पुढे केव्हा तरी पुन्हा मरण पावला असणार; येशूचे उठणे त्या प्रकारचे नाही, तो मरणाच्या पलीकडे गेला. तिसरी समजूत आम्हा ख्रिस्ती लोकांतही पुष्कळ आढळते : देह मातीला मिळाला आणि आत्मा स्वर्गात गेला, झाले. तसे असते तर कबर रिकामी असण्याची गरजच नव्हती. देवाने निर्माण केलेले शरीर देवाने टाकून दिले नाही, हा पुनरुत्थानाचा आग्रह आहे. म्हणूनच शुभवर्तमानांत उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, सरोवराच्या काठावर निखारे पेटवून त्यांच्यासाठी न्याहारी तयार ठेवतो. त्याच वेळी बंद दारांतून तो आत येतो आणि जवळची माणसेही त्याला चटकन ओळखत नाहीत. देह तोच, पण त्याची तऱ्हा नवी.

याला पुरावा काय, असे विचारले जाते. प्रयोगशाळेत सिद्ध होणारी ही गोष्ट नव्हे, हे आधीच मान्य करावे. सांगता येते ते इतके : पौलाने करिंथकरांस पहिले पत्र इ.स. ५० नंतरच्या काही वर्षांत लिहिले, म्हणजे घटनेला पंचवीस वर्षेही झाली नव्हती, आणि त्यात तो म्हणतो की ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि केफाला (म्हणजे पेत्र या शिष्याला), बाराजणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना दिसला, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. आणि हे त्याला आधीच्या लोकांकडून मिळाले होते. दुसरी गोष्ट, चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम बायकांनी पाहिली. त्या काळच्या समाजात बाईच्या साक्षीला किंमत फार कमी होती. कोणी गोष्ट रचायला बसला असता तर त्याने मग्दालीया मरीयेला पहिली साक्षीदार खचितच केले नसते. तिला तर तो आधी माळी वाटला, आणि त्याने 'मरीये' अशी हाक मारली तेव्हा तिने ओळखले. तिसरी गोष्ट, शुक्रवारी पळून गेलेली आणि दारे लावून बसलेली माणसे थोड्याच दिवसांत यरुशलेमच्या चौकात उभी राहून बोलू लागली. या सर्वांतून एखादा इतिहासकार श्रद्धेपर्यंत येईलच असे नाही, पण काही तरी घडले होते हे त्याला नाकारणे जड जाते.

आणि मग थोमा, येशूच्या शिष्यांपैकी एक. इतरांनी पाहिले, थोमा तेथे नव्हता. खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे तो म्हणाला. आठ दिवसांनी येशू आला आणि त्याने हात पुढे केले. या प्रसंगात लोक थोमाच्या संशयाविषयी बोलतात. मला त्या हातांविषयी बोलावेसे वाटते. मरणावर विजय मिळवलेल्या देहावर जखमा कशासाठी राहाव्यात? ज्या देवाने प्रेत उठवले त्याला व्रण पुसणे अवघड नव्हते. ते राहिले, कारण जो उठला तो बळी दिलेलाच आहे, दुसरा कोणी नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही सिंहासनाजवळ उभे असलेले कोकरू 'वध झाल्यासारखे' दिसते. येथे बलिदान आणि पुनरुत्थान एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की त्यांना सुटे करता येत नाही. केवळ वधस्तंभ उरला तर दुःख सोसण्याचीच पूजा होऊ लागते, आणि घरात मार खाणाऱ्या सुनेला 'सोस, प्रभूनेही सोसले' असे सांगण्याचे पाप घडते. केवळ पुनरुत्थान उरले तर विजयाचे ढोल वाजतात आणि ज्यांच्या जखमा ओल्या आहेत त्यांना त्या मंडपात जागा राहत नाही. 'आपल्या अपराधांमुळे त्याला धरून देण्यात आले आणि आपण नीतिमान ठरावे म्हणून त्याला उठवण्यात आले' अशा आशयाचे पौलाचे एक वाक्य रोमकरांस पत्रात आहे. दोन्ही क्रियांमागे त्याने एकाच देवाचा हात पाहिला. रोमी सत्तेने आणि मंदिराच्या पुढाऱ्यांनी येशूविरुद्ध निकाल दिला होता. त्याला उठवून देवाने तो निकाल फिरवला.

खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्या हे वर्षाकाठी कसे जगतात, तेही थोडे पाहावे. ईस्टरपूर्वीचे रविवार सोडून चाळीस दिवस उपवासकाळाचे असतात. गुड फ्रायडेला बहुतेक ठिकाणी दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि येशूने वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वाक्यांवर सातजण बोलतात; त्यांत पाळक असतात, शिक्षक असतात, शेतात राबणाऱ्या बायाही असतात. प्रभुभोजनाच्या वेळी मेजावरचे पांढरे स्वच्छ कापड बाजूला सारले जाते, खाली पावाचे नखाएवढे चौकोनी तुकडे आणि द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्या मांडलेल्या असतात. राबून भेगाळलेले हात एकेक तुकडा उचलतात आणि सारे एकदम खातात. या भोजनात ख्रिस्त कोणत्या रीतीने हजर असतो याबद्दल कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात मतभेद आहेत, त्यांत येथे शिरत नाही. ते बलिदान पुन्हा घडत नाही, एकदाच झालेल्या बलिदानात आपण सहभागी होतो, यावर मात्र दोघांचे एकमत आहे. ईस्टरच्या आधी घरोघरची माणसे कबरस्तानात जाऊन तण काढतात, कबरींना चुना लावतात, आणि पुष्कळ गावांत रविवारी पहाटेची उपासना तेथेच होते. 'ख्रिस्त उठला आहे' असे एकाने म्हणायचे आणि 'तो खरोखर उठला आहे' असे इतरांनी उत्तर द्यायचे, ही जुनी रीत आहे. मेलेल्या माणसांच्या मधोमध उभे राहून हे म्हणण्यात काही अर्थ आहे.

तो अर्थ पौलाने शेतीच्या भाषेत सांगितला आहे, आणि खानदेशी माणसाला तो सांगून समजावा लागत नाही. उठलेला ख्रिस्त हा निद्रा घेणाऱ्यांतले प्रथमफळ आहे, असे तो म्हणतो. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायानुसार वल्हांडणाच्या दिवसांत, शब्बाथाच्या (यहुदी विश्रामवाराच्या) दुसऱ्या दिवशी, कापणीची पहिली पेंढी देवापुढे आणली जाई. उरलेले शेत तेव्हा उभेच असे. पहिली पेंढी आली म्हणजे पीक तयार आहे आणि बाकीचे मागोमाग येणार आहे. आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांमध्ये दादरीची पहिली कणसे, गव्हाची पायली, तुरीची डाळ, केळीचा घड उपकारस्तुती म्हणून वेदीपाशी आणून ठेवतात, तेव्हा वचनातली ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. म्हणून ईस्टर हा एकट्या येशूचा सण नाही. जे त्याच्याबरोबर पुरले जातात तेही उठतील, सृष्टीसह नवे होतील, ही ख्रिस्ती आशा आहे. देह जमिनीत ठेवताना आम्ही त्याला पेरणी म्हणतो ते पौलाच्या याच शिकवणीवरून.

आणि आता देवाला काय द्यायचे? नवसाची दिशा उलटली असेल, तर माणसाच्या हाती देण्यासारखे उरले काय? इब्री लोकांस पत्राचा शेवटचा अध्याय याचे उत्तर देतो : उपकारस्तुती करावी, चांगले करावे, आपल्याजवळचे वाटून घ्यावे, कारण असे यज्ञ देवाला आवडतात. पौल तर म्हणतो की तुम्ही आपली शरीरेच जिवंत यज्ञ म्हणून द्या. जिवंत, हे महत्त्वाचे. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे ख्रिस्ती रुग्णालय कित्येक दशके चालू आहे, तेथे रात्रपाळीला जागणारी परिचारिका हा यज्ञ करते. भावाशी बांधाचा वाद मिटवून त्याच्या मुलीच्या लग्नात राबणारा शेतकरीही तो करतो. क्षमा मिळवण्यासाठी यांपैकी काहीच करावे लागत नाही. ती आधी मिळाली आहे, म्हणून हे करता येते.